संक्रमणविधी

संक्रमणविधी : व्यक्तीच्या आयुष्यातील एका अवस्थेतून वा सामाजिक स्थानातून दुसऱ्यात होणारा प्रवेश घडवून आणणारा धार्मिक विधी. जन्म, नामकरण, वयात येणे, विवाह व मृत्यू या प्रसंगी असे विधी बहुतेक समाजांत आढळतात. हिंदूंच्या संस्कारांपैकी पुष्कळसे याच वर्गात मोडतात. संस्कारांची संख्या सामान्यतः सोळा मानतात. गौतमधर्मसूत्रात मात्र ती चाळीस आहे.

आर्नल्ड व्हान गेनेप (१८७३–१९५७) या मानवशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये अशा विधींचे तीन टप्पे दाखविले : पूर्वस्थितीपासून वियोग, मधली उंबरठ्यावरची अवस्था आणि नव्या स्थितीत समावेश. व्हिक्टर टर्नर (१९२०–८३) याने झँबियातील एन्डेंबू जमातीच्या अभ्यासातून मधल्या अवस्थेचे महत्त्व स्पष्ट केले. या अवस्थेत व्यक्तीला जुने स्थान उरत नाही व नवे मिळालेले नसते. म्हणून ती एकाच वेळी पवित्र व धोक्याची मानली जाते.

उपनयनात हे टप्पे स्पष्ट दिसतात. तोपर्यंत बालकावर आचाराची बंधने नसतात. मातृभोजनात तो आईबरोबर जेवतो. क्षौरानंतर मेखला, दंड व यज्ञोपवीत धारण करतो, गायत्रीमंत्राचा उपदेश घेतो आणि भिक्षा मागतो. यास दुसरा जन्म मानल्यामुळेच त्याला ‘द्विज’ म्हणतात. ब्रह्मचर्याश्रमाचा शेवट समावर्तनाने, म्हणजे सोडमुंजीने, होतो. मरणोत्तर विधींतही हाच क्रम आहे. दहनानंतर मृत व्यक्ती ‘प्रेत’ अवस्थेत असते; ती ना जिवंतांत, ना पितरांत. या काळात कुटुंबीयही अशौच पाळून नित्य व्यवहारापासून दूर राहतात. दहाव्या दिवशी काकस्पर्शाची वाट पाहिली जाते आणि सपिंडीकरणाने प्रेताला पितरांत स्थान मिळते. शोकाला मुदत व क्रम देण्याचे कार्यही त्यामुळे साधते.

विधी समावेश करतो, तसाच तो वगळतोही. धर्मशास्त्राने शूद्रांना उपनयनाचा अधिकार नाकारला. स्त्रियांच्या बाबतीत मनुस्मृतीने विवाहालाच उपनयनाचे स्थान दिले. परिणामी वेदाध्ययनाचे दार या दोघांनाही बंद झाले. महाराष्ट्रात या व्यवस्थेला विरोध करणाऱ्यांनी विधी सर्वस्वी टाकून दिले नाहीत, ही गोष्ट लक्षणीय होय. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्याची पद्धत सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या उपास्यांचा व श्राद्धादी कर्मांचा त्याग आणि नव्या मार्गाचा स्वीकार हे दोन्ही अंतर्भूत होते. स्थानांतर केवळ मनाने पुरे होत नाही. ते समूहासमक्ष उच्चारावे व समूहाने मान्य करावे लागते, हेच संक्रमणविधीचे मर्म होय.