नाकावरचा हिरवा ठिपका

सकाळी दहा. राजारामपुरीत शटर वर केलं की आधी उदबत्ती, मग मऊ फडकं. मॉनिटरचा पडदा न पुसता तपासायला बसलं, तर निम्मे ठिपके माश्यांच्या कृपेचे निघतात.

साडेदहा. उद्यमनगरातल्या एका कारखान्याचे नवे मॉनिटर. फुल एचडी म्हणजे आडवे १९२०, उभे १०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल; प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन सबपिक्सेल. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग पडदाभर लावायचा. काळ्यावर चमकतो तो अडकलेला, पांढऱ्यावर काळाच राहतो तो मेलेला. काळ्यासाठी दुकानातली ट्यूब घालवतो, तेव्हा चहावाला हमखास विचारतो, "लाईट गेली काय ओ?"

बारा. फ्लेक्सवाला पोरगा मॉनिटर आणि सीपीयू, दोन्ही घेऊन हजर. "दादा, भाऊंच्या नाकावर हिरवा ठिपका आलाय. कितीबी पुसला तरी जाईना." वाढदिवसाचा फ्लेक्स संध्याकाळी चौकात लागायचा होता. मी फोटो बाजूला सरकवला. नाक सरकलं, ठिपका जागेवर. गुजरीतून आणलेलं सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं. आतली धूळ असती तर कडा पुसट दिसल्या असत्या. इथं एकच बारीक हिरवी पट्टी, कडा रेखीव, ढणाढणा पेटलेली. त्या सबपिक्सेलचा ट्रान्झिस्टर ऐकत नव्हता.

"मग फ्लेक्सवर छापंल की!"

"छापत नाही. स्क्रीनशॉट काढ आणि मोबाईलवर बघ."

मोबाईलवर नाक स्वच्छ. फाईल छपाईला गेली, मॉनिटर माझ्याकडं राहिला. ठिपक्यावर रंग झपाझप बदलणारी छोटी खिडकी लावून ठेवली. याने कधी पिक्सेल सुटतो, कधी नाही. अंगठ्याने दाबायचा उपाय मला पसंत नाही. ठिपक्यापायी पॅनेल जायचं.

दोन. डबा.

चार. नव्या लॅपटॉपवर एक काळा ठिपका, आणि काका तापलेले. आयएसओ ९२४१-३०७ या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन मेलेले खपवून घेतात. "मी काय दहा लाख मोजून घेतलेत?" काकांचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मी बिलाआधी गिऱ्हाइकासमोर पाचही रंग फिरवतो. पाच मिनिटं जातात, वाद वाचतो.

सात. पोरगा परत आला. ठिपका तसाच. नवं पॅनेल टाकायचं तर जवळजवळ नव्या मॉनिटरचा खर्च. म्हटलं, "फोटोशॉपची टूलपट्टी तेवढी त्याच्यावर ओढून ठेव." त्याने तिथंच ओढून बघितली आणि वायर गुंडाळायला घेतली.