शंभर पाण्यांतून निघालेले तूप

तांब्याचे रुंद ताट, त्यात पावशेर गाईचे तूप आणि शेजारी थंड पाण्याची बादली. शतधौत घृताला लागणारे सामान एवढेच. तुपावर पाणी घालायचे, तळहाताने किंवा तांब्याच्या लोट्याच्या बुडाने गोल गोल फेसायचे, उरलेले पाणी निथळून टाकायचे आणि पुन्हा नवे घ्यायचे. असे शंभर वेळा. सुरुवातीला तूप पिवळे, रवाळ असते आणि पाण्याला जवळ करत नाही. हळूहळू रवा मोडतो, रंग उतरतो, वास जातो. शेवटी ताटात उरते ते पांढरेशुभ्र, लोण्याहून मऊ मलम. करणाऱ्याचा खांदा तोवर भरून आलेला असतो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात या कृतीला घर आहे. पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय नगर शहरात १९१७पासून चालू आहे. गुणेशास्त्रींनी ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ मराठीत लिहून संस्कृत न येणाऱ्यालाही औषधांची ओळख करून दिली. रसशास्त्र आणि भैषज्यकल्पना या विषयात आयुर्वेदाचे विद्यार्थी आजही शतधौत घृत शिकतात. मला या पाठाचे मोल फार वाटते. पुस्तकात एका ओळीत मावणारी कृती हाताला किती वेळ धरून ठेवते, ते ताटापाशी बसल्याशिवाय उमगत नाही.

या ताटात घडते काय? तुपात पाणी जवळजवळ नसतेच. फेसताना पाण्याचे बारीक थेंब आणि हवा त्यात अडकत जातात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि तूप पांढरे दिसू लागते. मेण नाही, साबण नाही, तरी क्रीम तयार होते. त्वचेवर लावले की त्यातले पाणी उडून जाते, म्हणून गार वाटते, आणि मागे स्निग्ध थर राहतो. चरकसंहितेत विसर्पाच्या, म्हणजे आग होत पसरणाऱ्या त्वचारोगाच्या चिकित्सेत शतधौत घृत येते, आणि दाहज्वरासाठी तर हजार वेळा धुतलेले तूप सांगितले आहे. ताजा भाजल्याचा व्रण मात्र वेगळा. तिथे आधी नळाचे साधे वाहते पाणी, वीस मिनिटे, आणि मग डॉक्टर. कोणतेही तूप तिथे लावू नये.

तूप कुठले, हा प्रश्न इथे आपोआप येतो. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात डांगी गाय आहे. तिच्या त्वचेतून तेलकट स्राव येतो आणि त्या जोरावर ती सह्याद्रीचा मुसळधार पाऊस अंगावर घेते. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. ती दूध कमी देते, त्यामुळे तिचे तूप थोडेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली, ती दुधासाठी. मलमाला मात्र गाईच्या जातीहून ताजे, न खवटलेले तूप जास्त महत्त्वाचे.

तांब्याचे काय? प्रवरा नदीच्या काठाला हा धातू जुना आहे. जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या धातूच्या प्रतिमा. पण तांबे आणि स्निग्ध पदार्थ यांचे फार वेळ जमत नाही. तांब्यामुळे तूप लवकर खवटते. तुपातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन हिरवट-निळसर क्षार बनतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राविना ठाऊक होते. म्हणून धुणे संपले की मलम लगेच काचेच्या बरणीत काढायचे. हिरवी झाक दिसली तर टाकून द्यायचे.

आता बाजारात तांब्याचे पेप्टाइड, प्राणिज चरबी किंवा तूप आणि मध एकाच डबीत घातलेली मलमे येऊ लागली आहेत. हे पेप्टाइड थोतांड नव्हे. लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तद्रवातून ते वेगळे केले. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी तांब्याचा आयन धरून ठेवते, आणि तिचे द्रावण निळे दिसते. त्वचेतील कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या विकरालाही तांबे लागतेच. पण हे पेप्टाइड पाण्यात विरघळते, चरबीत नाही. मध आम्लधर्मी, पीएच चारच्या आसपास. तेवढ्या आम्लात हिस्टिडीनची तांब्यावरची पकड सुटू लागते. सुटलेले तांबे मग चरबी खवटवायला मोकळे. तिन्ही गोष्टी चांगल्या असूनही एका डबीत त्या एकमेकींचे काम बिघडवतात, आणि अशा डबीवर ‘नैसर्गिक’ लिहून भागत नाही.

मधाला स्वतःचे काम आहे. सुश्रुतसंहितेत ताज्या जखमेवर मध आणि तूप सांगितले आहे. आज रुग्णालयांत जखमांसाठी मध वापरतात, तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात घातक जंतूंचे बीजाणू असू शकतात. सातेरी माशीचा असो वा आग्या मोहोळाचा, घरातला मध उघड्या जखमेवर नको.

मिक्सरमध्ये तूप आणि पाणी फिरवले तरी काही मिनिटांत पांढरे होते. दिसायला तेच, पण त्यात शंभर वेळा पाणी निथळलेले नसते, आणि वास सोबत घेऊन जाणारे तेच पाणी असते. हाताने धुतलेल्या मलमातही पाणी उरतेच. त्यामुळे परिरक्षक नसेल तर त्याला बुरशी धरू शकते. विकत घेणार असाल तर बनवल्याची तारीख विचारा, थोडे घ्या, कोरड्या चमच्याने काढा, आणि चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहा.