माशांच्या वाट्याचे पाणी

धरणाच्या पाण्याची वाटणी करावयाची झाली, की तीन मागण्या हटकून पुढे येतात : पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि उद्योगधंद्यांचे पाणी. नदीत राहणाऱ्या माशांच्या वतीने मागणी करण्यास सहसा कोणी उभे राहत नाही. तथापि, अमेरिकेतील एका जलाशयात माशांच्या नावे पाण्याचा स्वतंत्र वाटा राखून ठेवलेला आहे. तो त्यांना कसा मिळाला, याची हकीकत उद्बोधक आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डोंगराळ भागात यांपा नदी उगम पावते. ती ग्रीन नदीस मिळते आणि ग्रीन नदी पुढे कोलोरॅडो या महानदीस मिळते. वसंत ऋतूत पर्वतांवरील बर्फ वितळले, की या नद्या दुथडी भरून वाहू लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र त्यांचा प्रवाह अगदी क्षीण होतो. या भरती-ओहोटीशी ज्यांचे जीवन जुळले आहे, असे चार मासे कोलोरॅडोच्या खोऱ्यात आढळतात. जगात अन्यत्र ते कोठेही नाहीत. त्यांपैकी कोलोरॅडो पाइकमिनो हा मासा पूर्वी सहा फूट लांब वाढत असे. तो चाळीस वर्षांहूनही अधिक जगतो आणि अंडी घालण्यासाठी शेकडो किलोमीटरांचा प्रवास करतो. हंपबॅक चब व रेझरबॅक सकर यांच्या डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. चौथा बोनीटेल, त्याची शेपटी काठीसारखी बारीक असते. वसंतातील पुराने नदीतळीचे गोटे धुऊन निघतात आणि पाइकमिनोच्या अंड्यांना स्वच्छ जागा मिळते. काठालगतच्या संथ, उबदार पाण्यात पुढे त्याची पिले वाढतात.

विसाव्या शतकात या नद्यांवर मोठमोठी धरणे झाली. पुराचे पाणी अडले. धरणाच्या खोल भागातून सोडलेले पाणी थंडगार असे. ते या माशांना मानवेना. माणसाची दृष्टीही त्या वेळी निराळी होती. १९६२ साली ग्रीन नदीवरील फ्लेमिंग गॉर्ज धरणात पाणी साठविण्यापूर्वी, हौशी मासेमारांच्या आवडत्या ट्राऊट माशांना जागा व्हावी म्हणून, नदीच्या शेकडो किलोमीटरांच्या पात्रात विषारी द्रव्य सोडून मूळचे मासे मारण्यात आले. ज्यांना त्या काळी टाकाऊ मानले, त्यांच्यापैकी पाइकमिनो व चब यांची नावे अवघ्या पाच वर्षांनी, १९६७ साली, नाशाच्या मार्गावरील प्राण्यांच्या सरकारी यादीत आली. १९७३ साली कडक कायदा झाला. अशा प्राण्यांचे अस्तित्व धोक्यात येईल अशा कामास सरकारी खात्याने संमती देऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले.

आता पेच उभा राहिला. गावे वाढत होती, शेतीला पाणी हवे होते. नवी धरणे बांधू नयेत, असे म्हणून भागणार नव्हते. अखेर १९८८ साली राज्ये, केंद्र सरकार, पाणी वापरणाऱ्या संस्था आणि निसर्गरक्षक यांनी एकत्र येऊन मत्स्यरक्षणाची योजना आखली. पाण्याचा विकासही व्हावा आणि मासेही जगावेत, हे तिचे सूत्र होते.

या सूत्राची कसोटी एल्कहेड जलाशयावर लागली. यांपेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर क्रेग या गावाजवळ १९७४ साली हा जलाशय झाला होता. २००६ साली त्याचा बांध सुमारे पंचवीस फुटांनी उंच करण्यात आला आणि सुमारे दीड कोटी घनमीटर जादा पाणी मावू लागले. त्यातील सुमारे बासष्ट लक्ष घनमीटर पाणी माशांसाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. त्या वाट्याचा खर्च मत्स्यरक्षणाच्या योजनेने सोसला. उन्हाळ्याच्या अखेरीस यांपेचे पात्र आटू लागते, तेव्हा हे पाणी सोडले जाते. शेतकऱ्यांना व गावकऱ्यांना पाण्याची शाश्वती लाभली आणि नदीला ऐन टंचाईत आधार मिळाला.

परंतु पाणी मिळाले म्हणजे सर्व साधले, असे झाले नाही. जलाशयाच्या संथ पाण्यात बाहेरून आणलेले बास व पाइक हे शिकारी मासे माजले. सांडव्यावरून ते नदीत उतरत आणि मूळच्या माशांची पिले खात. म्हणून २०१६ साली सांडव्यापुढे भक्कम जाळे लावण्यात आले आणि हे मासे पकडणाऱ्यांसाठी बक्षिसेही ठेवण्यात आली. या दीर्घ प्रयत्नांना संमिश्र यश आले आहे. २०२१ साली हंपबॅक चबवरील संकटाची श्रेणी एका पायरीने खाली आली. मात्र यांपा व ग्रीन नद्यांतील पाइकमिनोची संख्या घटतच गेली.

विष घालून एका मोसमात जे मारले, ते पुन्हा वाढविण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात, ही या हकीकतीतील कटू शिकवण होय. तिच्यात आशेची बाजूही आहे. धरणाचा बांध उंच करताना माणसाने आपल्या गरजेबरोबर नदीच्या गरजेचेही मोजमाप केले आणि तिच्या वाट्याचे पाणी हिशेबाच्या वहीत मांडले. आपल्याकडेही धरणांच्या पाण्याचे वाटे ठरतात. त्या वेळी ज्याला स्वतःची मागणी मांडता येत नाही, त्याची आठवण ठेवणे हे शहाणपणाचे आणि न्यायाचेही लक्षण आहे.