लहान खोलीतील चित्रीकरण व दिव्याची निवड

कलम बांधण्याची रीत, बीजप्रक्रिया किंवा रोगट पानांची ओळख स्वतः चित्रित करून इतरांपर्यंत पोहोचविणारे होतकरू शेतकरी आज खेडोपाडी आढळतात. दिवसभर शेतात राबल्यावर हे काम बहुधा रात्री, दहा बाय दहा फुटांच्या खोलीत व एकट्यानेच उरकावे लागते. अशा वेळी मुख्य अडचण येते ती प्रकाशाची.

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. नत्र कमी पडल्यास जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडतात. लोह कमी पडल्यास कोवळी पाने पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सदोष दिव्यामुळे हा भेद पुसला गेला, तर पाहणारा शेतकरी भलतेच खत आणील व पैसा वाया घालवील.

दिव्याचे गुण

सतत जळणारा एल.ई.डी. दिवा या कामास सोयीचा असतो. जुने हॅलोजन दिवे लहान खोली तापवितात व समोरची रोपे कोमेजतात. खरेदी करताना वॅटपेक्षा रंगांचा खरेपणा आधी पाहावा. तो सी.आर.आय. या अंकाने दर्शवितात; १०० हा सर्वोच्च अंक असून ९५ किंवा अधिक अंकाचा दिवा घ्यावा. प्रकाशाची छटा ५६०० केल्विन, म्हणजे दुपारच्या उन्हासारखी असावी. चित्रीकरण चालू असताना घरातील पिवळे दिवे बंद ठेवावेत.

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हलक्या प्रतीचे दिवे चित्रात लुकलुकतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो.

मांडणी

लहान जागेत ४० ते ६० वॅटचा एक चांगला दिवा सहसा पुरतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश सुमारे चौथाईवर येतो. म्हणून दिवा तीन-चार फुटांवर, बाजूने व किंचित उंच ठेवावा. त्यावर पांढऱ्या कापडाची मोठी पेटी बसविल्यास सावल्या मऊ पडतात. दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की दुसऱ्या दिव्याची गरज उरत नाही. भिंती रंगीत असल्यास त्यांवर पांढरी चादर टांगावी, अन्यथा भिंतीचा रंग पानांवर उतरतो.

दिवा सावरण्यास दुसरे माणूस नसते, हे ध्यानात ठेवून तिवईच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. भिंतीवर पक्की पट्टी ठोकून दिवा अडकविल्यास जागाही वाचते. वीज खंडित होणाऱ्या गावी बॅटरीवर चालणारा दिवा घ्यावा. पंख्याचा आवाज करणारा दिवा ध्वनिग्राहकाजवळ ठेवू नये.

शेवटी एक सोपी कसोटी. ओळखीचे एक पान दिव्याखाली चित्रित करावे व दुसऱ्या दिवशी तेच ताजे पान सूर्यप्रकाशात चित्राशेजारी धरून पाहावे. दोन्ही रंग जुळले, तरच ती चित्रफीत इतरांस दाखवावी.