पक्षपाती समीक्षकाची कारकीर्द

१९४९ च्या ऑक्टोबरअखेर निर्वासितांना घेऊन जे जहाज न्यूयॉर्कच्या बंदरास लागले, त्यातून योनास मेकास नावाचा सव्वीस वर्षांचा लिथुएनियन कवी आपल्या धाकट्या भावासह उतरला. नाझींची श्रमछावणी आणि युद्धोत्तर जर्मनीतील निर्वासितांच्या छावण्या यांत उमेदीची पाच वर्षे गेलेली, मायदेश सोव्हिएत अमलाखाली गेल्यामुळे परतीची वाट बुजलेली आणि ज्या भाषेत कविता करावयाची ती जाणणारे वाचक नव्या मुलखात मूठभर, अशा स्थितीत ब्रुकलिनमध्ये बिऱ्हाड करताच त्याने उसनवारीने बोलेक्स जातीचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा खरेदी केला.

किल्ली दिल्यावर जेमतेम अर्धा मिनिट चालणाऱ्या त्या यंत्राने तो आरंभी परागंदा देशबांधवांची सभा-संमेलने टिपीत असे. पुढे बर्फवृष्टी, मित्रांची लग्ने, जेवणाच्या पंगती असले क्षुल्लक गणले जाणारे प्रसंग तो तुटक चित्रांत नोंदवू लागला, आणि त्या नोंदींतूनच ‘वॉल्डन’ (१९६९) व ‘लॉस्ट, लॉस्ट, लॉस्ट’ (१९७६) हे दीर्घ रोजनिशीपट सिद्ध झाले. सत्तावीस वर्षांच्या विरहानंतर १९७१ साली तो आईच्या भेटीस गेला, त्या वेळच्या चित्रणातून झालेला ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ जर्नी टू लिथुएनिया’ (१९७२) हा त्यांतील सर्वांत हृद्य होय. अनुबोधपटाने लोकांस काही शिकवावे ही रूढ अपेक्षा या कृती पुरवीत नाहीत. एका माणसाचे जगणे हाच त्यांना पुरेसा विषय वाटतो.

समीक्षक म्हणून त्याची कारकीर्द मात्र न्यायासनावरून सुरू झाली. भावासह काढलेल्या ‘फिल्म कल्चर’ या नियतकालिकात १९५५ साली त्याने अमेरिकेतील प्रायोगिक चित्रपटांवर इतकी कठोर टीका केली की, हाच मनुष्य पुढे त्यांचा कैवारी होईल, असे कोणास वाटले नसते. परंतु १९५८ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात ‘मूव्ही जर्नल’ हे सदर लिहिताना त्याची भूमिका पालटली. ज्या चित्रपटांना चित्रगृहच मिळत नाही, त्यांच्या गुणदोषांची झाडाझडती घेण्याआधी ते लोकांच्या दृष्टीस पडतील अशी तजवीज केली पाहिजे, असे तो मानू लागला. १९६२ साली सहकाऱ्यांसह त्याने स्थापिलेली ‘फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह’ ही संस्था आलेला कोणताही चित्रपट नाकारीत नसे आणि भाड्याचा मोठा हिस्सा निर्मात्याच्या पदरात टाकी. १९६४ मध्ये जॅक स्मिथचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ दाखविल्याबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून मेकासला अटकही झाली. १९७० साली त्याच्या पुढाकाराने उघडलेल्या ‘अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज’ या चित्रपट-दफ्तराचे ठाणे आज न्यूयॉर्कच्या एका जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

अशी वकिली समीक्षेला शोभते काय, हा आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही; मित्रांच्या कृती मित्रानेच वाखाणाव्या, यात पक्षपात आहेच. परंतु २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी निवर्तलेल्या या निर्वासिताने आपले गाव एकदा गमावले होते, आणि जे जपले जात नाही ते नाहीसे होते, हे त्याला पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. तटस्थ समीक्षक आज ज्या चित्रपटांविषयी सावकाश निवाडा देतात, त्यांतील कित्येक निवाड्यापर्यंत टिकले, ते या पक्षपाती माणसाच्या खटपटीमुळे.