मुलांना नेमबाजी शिकवायची आहे? आधी एवढं समजून घ्या

'मुलाच्या हातात पिस्तूल? लोक काय म्हणतील?' रायफल क्लबचं नाव काढलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न हाच येतो. भीती समजण्यासारखी आहे, म्हणून आम्ही इथे थोडी माहिती देत आहोत.

सुरुवात बहुधा 10 मीटर एअर पिस्तूलने होते. यात बारूद नसते. दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. या मापापर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर पिस्तूलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तरीही खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र जवळ ठेवा. पिस्तूल रिकामं करून, पेटीत बंद करूनच न्या.

मोठ्या स्पर्धेत 60 नेम असतात, मुलामुलींना सारखेच. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. इथे ताकदीपेक्षा श्वासावरचा ताबा आणि सब्र कामी येतो. 2024 ला पॅरिसमध्ये मनू भाकरने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं.

नबी (स.) यांनी तीरंदाजी शिकण्याची तरगीब दिली, आणि गंमत म्हणूनही भावावर हत्यार रोखायला मनाई केली. क्लबचा पहिला नियमही हाच: पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे. हा नियम जिथे कडक पाळला जातो, तोच क्लब निवडा.