फोटो काढला म्हणून तो आपला होत नाही
स्टुडिओवाले व दुकानदार बांधवांनी लक्षात ठेवावे असे काही

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराई हाच फोटो स्टुडिओच्या कमाईचा काळ. हंगाम संपला की चांगले निघालेले फोटो मोठे करून शोकेसमध्ये लावायचे, ही जुनी रीत. आता तेच फोटो जाहिरात म्हणून मोबाईलवरही टाकले जातात. ‘फोटो मी काढला, म्हणजे तो माझा’ अशी यामागे समजूत असते. कायदा मात्र वेगळे सांगतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, गिऱ्हाइकाने पैसे मोजून काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ते गिऱ्हाईकच असते. वेगळा करार केला असेल तरच गोष्ट निराळी.

दुसरा प्रश्न, फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात म्हटले की, एखाद्याचे नाव किंवा छबी त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

हे केवळ शहरातल्या बड्या लोकांचे प्रकरण नव्हे. ग्रामीण भागातील एका महिलेचा फोटो स्थानिक छायाचित्रकाराने काढून फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकला आणि तो सरकारी जाहिरातींत झळकला, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात आली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने हा प्रथमदर्शनी व्यापारी गैरवापर दिसतो असे म्हणत केंद्र सरकार व चार राज्य सरकारांना नोटिसा काढल्या. फोटो एकदा हातातून सुटला की कुठवर जातो, हे यावरून कळते.

मग व्यावसायिकाने करावे काय? ऑर्डरच्या पावतीवर एक ओळ छापून घ्यावी: ‘हे फोटो दुकानात किंवा जाहिरातीत लावण्यास संमती आहे / नाही.’ त्याखाली सही घ्यावी. पैसे वधूपित्याने दिले तरी चेहरा वधूचा असतो. म्हणून तिलाही विचारावे. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची परवानगी घ्यावी. कॅलेंडर वा फलक छापणाऱ्या दुकानदारांनाही हाच नियम लागू. कोणी फोटो काढून टाका म्हटले, तर हुज्जत न घालता काढावा.

फोटोवाल्याला लोक घरात, बायकांच्या बैठकीपर्यंत येऊ देतात ते विश्वासावर. लहान गावात तो एकदा गेला की पुढच्या हंगामात त्या घरचे बोलावणे येत नाही.